परत गेलेल्यांची वही

महसूल खात्यातल्या कुणालाही विचारा, तहसील कचेरीतली वजनदार टेबलं कोणती ते तो लगेच सांगेल. जमीन, गौण खनिज, पुरवठा, निवडणूक. संजय गांधी योजनेची शाखा त्या यादीत नसते. नायब तहसीलदाराची ऑर्डर 'संगायो'ला निघाली की सहकारी समजुतीच्या सुरात बोलायला लागतात. मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यात माझी अशी ऑर्डर निघाली तेव्हा मलाही सल्ला मिळाला, "मॅडम, सह्या करायच्या, कुणाच्या अध्यातमध्यात पडायचं नाही, पुढच्या बदलीची वाट बघायची." आज निवृत्तीनंतर सगळ्या नोकरीकडे पाहते, तेव्हा या शाखेतलं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तिथं जे शिकले ते लिहून ठेवावं, म्हणून हे लेखन.

शिकले ते असं. या शाखेत दोन तऱ्हांनी अन्याय होऊ शकतो. अपात्र माणसाला अनुदान मिळतं, किंवा पात्र माणसाला मिळत नाही. पहिल्या अन्यायाचा पाठलाग करणारी यंत्रणा भक्कम आहे. लेखापरीक्षणाचं पथक येतं, आक्षेपाचा परिच्छेद निघतो, वसुली लागते, सही करणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. दुसऱ्या अन्यायाचा कागदच तयार होत नाही. खिडकीवरून परत पाठवलेल्या म्हातारीबद्दल कुणी खुलासा मागत नाही. त्यामुळे घाबरलेला कारकून आणखी एक कागद मागतो, आणि त्याला कुणी दोष देत नाही. शाखा चालवणाऱ्या अधिकाऱ्याचं मुख्य काम या दुसऱ्या अन्यायाची नोंद ठेवणं आहे, असं माझं ठाम मत झालं.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 सालची. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. पासष्ट वर्षांच्या आतल्या निराधार माणसांसाठी ती आहे. विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणाऱ्या बायका, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले, अनाथ मुलं, क्षय-कर्करोग-कुष्ठरोगासारख्या आजारांनी कमाई थांबलेले, देवदासी, तृतीयपंथी, शेतकरी आत्महत्येनंतर मागं राहिलेल्या बायका, असे सगळे त्यात येतात. पासष्टी ओलांडली की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. त्यांच्या जोडीला केंद्राचं वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग निवृत्तीवेतन, आणि कर्ता माणूस गेला तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एकदाच मिळणारं राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचं 20,000 रुपयांचं साहाय्य. राज्यघटनेच्या अनुच्छेद 41 मध्ये म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक साहाय्याचं तत्त्व लिहिलेलं आहे. तहसील कचेरीत ते तत्त्व आमच्या एका खोलीत येऊन पोचतं.

मी रुजू झाले तेव्हा महिन्याचं अनुदान 1000 रुपये होतं. 2019 पूर्वी ते 600 होतं. 2023 मध्ये 1500 झालं आणि पुढं 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या पासष्ट ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला मिळणाऱ्या 1500 मध्ये केंद्राचा वाटा फक्त 200 रुपयांचा आहे आणि तो दीड दशकाहून जास्त काळ तेवढाच आहे. बाकीचा भार राज्य उचलतं.

एवढ्याशा पैशात काय होतं, असं शहरातले लोक विचारतात. आमच्या तालुक्यात सगळे याला 'पगार' म्हणत, आणि ही पगार दर महिन्याला येते या एका खात्रीवर गावचा किराणा दुकानदार म्हातारीला उधार द्यायचा. रक्तदाबाच्या गोळ्या, चहापत्ती, साखर, माहेरी आलेल्या लेकीच्या पोरासाठी बिस्किटाचा पुडा हे सगळं त्या खात्रीवर चालायचं. अनुदान दोन महिने लांबलं की दुकानदार वही मिटायचा. रकमेइतकीच तारीख महत्त्वाची आहे, हे मला या उधारीनं शिकवलं.

तारीख चुकण्याचं एक कारण कचेरीबाहेरच्या कुणाला सहज कळत नाही. या योजनेचा पैसा तीन वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून येतो. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. तिन्हीची तरतूद वेगळी, देयकं वेगळी. एका लेखाशीर्षाखाली रक्कम आली आणि दुसऱ्याखाली आली नाही, असं अनेकदा होतं. मग एकाच गल्लीतल्या दोन शेजारणींपैकी एकीच्या खात्यावर पैसे जमा होतात आणि दुसरी कचेरीत येऊन विचारते, "मॅडम, तिची पगार झाली, मह्या पगारीचं काय झालं?" तिच्या मनात येतं की कुणीतरी आपलं नाव कापलं. गावात लगेच एखादा मध्यस्थ उभा राहतो, पाचशे रुपये दे, नाव परत लावून देतो. माहिती नसली की मध्यस्थाची चलती होते.

यावर आम्ही काही मोठं केलं नाही. कचेरीच्या दाराशी फळा लावला. अनुदान आलं की नाही, देयक उपकोषागारात कोणत्या तारखेला गेलं, कोणत्या बँकेला यादी कधी पोचली, हे तीन रकान्यांत खडूनं लिहायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर कोतवालांनी गावात चावडीवर सांगायचा. पैसे आले नसतील तर 'आले नाहीत' असंही स्पष्ट लिहायचं. सुरुवातीला शाखेतल्या लोकांना वाटलं, यानं भांडणं वाढतील. झालं उलट. विचारायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली आणि खिडकीवरच्या माणसाला अर्ज तपासायला वेळ मिळू लागला.

गर्दीचंही एक गणित होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या दारात जत्रा असायची. वाडीवस्तीवरची माणसं एका बसभाड्यात बाजार, दवाखाना आणि कचेरी उरकायची. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून मोफत झाला, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट झालं, पण वाडीवर दिवसातून एक-दोनच गाड्या जात असतील तर सवलतीनं वेळ वाचत नाही. म्हणून बाजाराच्या दिवशी शाखेतल्या कुणी रजा घ्यायची नाही, त्या दिवशी आढावा बैठक ठेवायची नाही आणि दुपारच्या सुट्टीत खिडकी बंद करायची नाही, असं ठरवलं. जेवणाच्या पाळ्या लावल्या. व्हरांड्यात बाकं टाकली. शेवटच्या गाडीला जाणारी माणसं आधी, जवळची नंतर, असा क्रम लावला. हा क्रम कुठल्याही शासन निर्णयात नाही. तो शाखाप्रमुखानं लावायचा असतो.

परत गेलेल्यांची वही सुरू झाली ती याच खिडकीवर. साधी दोनशे पानी फुलस्केप वही. रकाने पाच: नाव आणि गाव, कशासाठी आले, काय सांगून परत पाठवलं, कोणता कागद कमी, तो कागद कुणी द्यायचा. शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला होता. अर्ज दाखल होण्याआधीच परत गेलेला माणूस आवक नोंदवहीत येत नाही, संगणकावर येत नाही. सरकारच्या लेखी तो कधी आलेलाच नसतो. या वहीत तो येऊ लागला.

कर्मचाऱ्यांना हे जाचक वाटणं साहजिक होतं. आधीच जागा रिक्त, एक अव्वल कारकून, एक महसूल सहायक आणि एक कंत्राटी ऑपरेटर यांच्यावर सगळा डोलारा. मी त्यांना सांगितलं की ही वही कुणाला नोटीस काढायला वापरणार नाही, आणि तो शब्द शेवटपर्यंत पाळला. महिनाअखेरीला आम्ही चौघं बसून ती वाचायचो. दुसऱ्याच वाचनात एक गोष्ट स्वच्छ दिसली. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी सरकारी कार्यालयांचीच नावं होती. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, म्हणजे आमच्याच इमारतीतला. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा. दिव्यांग प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयाचं. वयाचा दाखला सरकारी डॉक्टरचा. निराधार माणसाला आम्ही सांगत होतो की सरकारकडून कागद आण, म्हणजे सरकारला देता येईल.

त्यावरून नियम केला. जो कागद आमच्या इमारतीत तयार होतो त्यासाठी अर्जदाराला परत पाठवायचं नाही. त्याला बाकावर बसवायचं, अर्ज भरून घ्यायचा आणि तो अर्ज आपल्याच माणसानं सेतू केंद्रात न्यायचा. तलाठ्याचा अहवाल लागत असेल तर त्याच दिवशी तलाठ्याला निरोप जायचा आणि अहवालाची तारीख वहीत पडायची. बाहेरच्या कार्यालयाचा कागद असेल तर अर्जदाराच्या हातात नुसतं तोंडी उत्तर द्यायचं नाही, त्या कार्यालयाच्या नावे दोन ओळींचं पत्र द्यायचं. शिक्का असलेलं पत्र हातात असलं की ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयात त्या माणसाला बसायला सांगतात, हा अनुभव आम्ही पुन्हा पुन्हा घेतला.

या वहीतली एक नोंद सविस्तर सांगते. नाव सांगणार नाही.

आमचा तालुका ऊसतोड मजुरांचा. दसऱ्यानंतर गावं रिकामी होतात आणि पाडव्याच्या आसपास भरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, त्यावर मुकादम उचल देतो. ही बाई नवऱ्याबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या टोळीत गेली होती. नवरा फडातच छातीत कळ येऊन गेला. टोळीनं रातोरात टेम्पो करून प्रेत गावी आणलं, सकाळी अंत्यविधी झाला. तेरावा झाल्यावर ती पुन्हा फडात गेली, कारण उचल फिटायची होती. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात ती आमच्या खिडकीवर आली. विशीतली बाई, सोबत शाळेत जाणारी मुलगी. तिच्याकडे मृत्यूचा दाखला नव्हता, म्हणून कागदोपत्री ती विधवा नव्हती.

गावच्या ग्रामसेवकानं नोंद करायला नकार दिला होता, आणि त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा सांगतो की मृत्यू जिथं झाला तिथं नोंदवायचा. अंत्यविधी गावात झाला तरी मृत्यू कर्नाटकात झाला होता. तिकडच्या ग्रामपंचायतीत या माणसाला कुणी ओळखत नव्हतं, आणि तीस दिवस कधीच उलटून गेले होते, म्हणजे विलंबाची परवानगी आणि प्रतिज्ञापत्र आलं. मराठी तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं हे सगळं कानडी मुलखात जाऊन करायचं होतं.

आमचा महसूल सहायक अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. त्यानं तिकडच्या कार्यालयात फोन लावला. त्यांनी रास्त प्रश्न विचारला: मृत्यू आमच्याच हद्दीत झाला आणि त्याच तारखेला झाला याला पुरावा काय? रुग्णालयात नेलेलं नव्हतं. पोलिसांत नोंद नव्हती. तेव्हा तिनं मुकादमाचं नाव सांगितलं. मुकादमाला बोलावलं, तो आपली हिशेबाची वही घेऊन आला. तिच्यात एका तारखेपर्यंत या जोडप्यापुढे रोज एक कोयता मांडला होता. त्या तारखेनंतर रेघ मारून पुढं 'अर्धा कोयता' लिहिलं होतं. एकटं माणूस उरलं की टोळीच्या हिशेबात ते अर्धा कोयता होतं. वहीच्या वरच्या कोपऱ्यात त्या आठवड्यातल्या फडाचं गाव लिहिलं होतं. त्या पानाची प्रत, मुकादमाचा आणि टोळीतल्या दोघांचा जबाब, आमच्या तलाठ्याचा अंत्यविधीबद्दलचा पंचनामा आणि कचेरीचं पत्र, असा संच तिकडं गेला. काही आठवड्यांनी कानडी आणि इंग्रजीतला मृत्यूचा दाखला आला.

पुढं राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा प्रश्न होता. त्यासाठी कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत हवं. ही यादी 2002 च्या सर्वेक्षणावरची. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं, तिचा नवरा लहान पोर होता. ऑपरेटरनं यादी काढली तर सासऱ्याच्या कुटुंबात त्याचं नाव मुलगा म्हणून सापडलं. यादीतलं ते पोर वीस वर्षांनी घरातला कर्ता माणूस म्हणून गेलं होतं. त्या आधारानं प्रकरण मंजूर झालं आणि तिचं संजय गांधी योजनेचं अनुदानही सुरू झालं. पैसे आल्यावर तिनं आधी मुकादमाची उरलेली उचल चुकती केली आणि पुढच्या दसऱ्याला ती गावातच थांबली, शेतमजुरीवर. मुलीची शाळा त्या वर्षी तुटली नाही. या कामात आमच्यापैकी कुणीही अधिकाराबाहेर काही केलं नाही. फोन, पत्र, पंचनामा, जबाब, सगळं कामाच्या चौकटीतलं. तिची नोंद वहीत पडली नसती तर 'मृत्यूचा दाखला नाही' या एका वाक्यावर प्रकरण संपलं असतं आणि ते वाक्य खरंही होतं.

एका गोष्टीपुढं मात्र शाखाप्रमुखाचे हात बांधलेले असतात, ती म्हणजे उत्पन्नाची मर्यादा. दिव्यांगांसाठी ती वर्षाला 50,000 रुपये आहे. बाकीच्यांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं. महिन्याला 1750. रोजगार हमीची मजुरी 2024-25 मध्ये महाराष्ट्रात दिवसाला 297 रुपये होती. एखाद्या विधवेनं तेव्हा कायद्यानं दिलेले शंभर दिवस काम केलं तर तिला 29,700 रुपये मिळायचे आणि ती निराधार योजनेतून बाद व्हायची. सरकारच्या एका योजनेनं दिलेली मजुरी तिला सरकारच्याच दुसऱ्या योजनेच्या दाराबाहेर काढते. 2024 मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. तिची रक्कमही 1500 आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ज्या विधवांना 21,000 च्या अटीमुळं आम्ही नाकारलं होतं त्यांतल्या कितीतरी जणींना तिकडं लाभ मिळाला, याचा मला आनंदच झाला. पण ती योजना 65 वर्षांपर्यंतचीच. पासष्टी ओलांडलेली बाई श्रावणबाळकडे येते तेव्हा तिच्यासमोर पुन्हा तीच 21,000 ची भिंत उभी असते, आणि तेव्हा तिच्या अंगात काम करायची ताकद उरलेली नसते.

या अटीचा परिणाम तलाठ्यावर होतो. खरं उत्पन्न लिहिलं तर गरजू माणूस उपाशी राहतो, कमी लिहिलं तर अहवाल खोटा होतो. हाताखालच्या माणसाला रोज या पेचात टाकणारा आकडा बदलायला हवा, हे मी आढावा बैठकीत बोलले, लेखी प्रस्तावातही मांडलं. मजुरीच्या दराशी जोडलेली मर्यादा ठेवली तर ती दरवर्षी आपोआप बदलेल. तोवर मी तलाठ्यांना एवढंच सांगितलं की घर बघून अहवाल लिहा. चूल किती जणांची, कमावतं कोण, जमीन असली तर पिकते का, मुलगा वेगळा राहत असेल तर तो खरंच काही देतो का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं अहवालात लिहा. नुसता आकडा लिहून पाठवू नका. अहवालात घर दिसलं की मंजुरी देणाऱ्यालाही निर्णय घेणं सोपं जातं.

मंजुरी तालुक्याची समिती देते. तिचे अध्यक्ष अशासकीय असतात, पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमलेले. समितीच अस्तित्वात नसेल तेव्हा अधिकाऱ्यांच्या पातळीवर निर्णय होतो. समितीत राजकारण येतं हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मला सापडलेला उपाय कामकाजाच्या शिस्तीचा होता. प्रकरणं अर्जाच्या तारखेच्या क्रमानंच समितीपुढं ठेवायची. ज्याचा अर्ज आधी त्याचा निर्णय आधी. आणि नामंजुरीच्या यादीतलं प्रत्येक कारण बैठकीत मोठ्यानं वाचायचं. 'त्रुटी' असा एका शब्दाचा शेरा वाचायला अवघड जातो. समोर बसलेला सदस्य लगेच विचारतो, कसली त्रुटी? मग कारकून पुढच्या वेळी कारण पूर्ण लिहून आणतो. गावोगाव फिरणाऱ्या सदस्यांना खरी माहितीही असते, आणि यादी वाचताना अनेकदा त्यांनीच सांगितलं की या बाईचा मुलगा पुण्याला गेलाय पण दोन वर्षांत फिरकलेला नाही. नामंजूर अर्जदाराला कारण आणि दाद कुठं मागायची ते लिहून पत्र जायचंच, हाही परिपाठ ठेवला.

डिसेंबर 2024 पासून अनुदान थेट राज्याकडून आधार जोडलेल्या खात्यात जाऊ लागलं. आधी आमच्याकडून बँकनिहाय याद्या आणि धनादेश जायचे, एखादा खाते क्रमांक चुकला की रक्कम परत यायची. तो खटाटोप संपला ही चांगली गोष्ट झाली. पण नवी अडचण पहिल्याच महिन्यांत खिडकीवर आली. बँकेत जाऊन आलेली माणसं सांगायची, खात्यात काहीच नाही. संगणकावर मात्र रक्कम जमा दिसायची. आधारवर येणारा पैसा ज्या खात्याशी आधार शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात जातो. कुणी सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा दिला होता आणि पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं. कुणाचं बचत गटाच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत उघडलेलं खातं होतं. पैसा हरवला नव्हता, तो अशा खात्यात पडून होता जे आपलं आहे हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

हे सोडवायला महसूल मंडळाच्या गावी शिबिरं घेतली. एकाच मांडवाखाली आधारचं यंत्र, बँकेचा माणूस, पोस्टाचा माणूस आणि आमचा ऑपरेटर. पैसा कोणत्या बँकेत जातोय ते आधी बघायचं, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं, जुनंच खातं हवं असेल तर तिथंच जोडणीचा अर्ज भरायचा. ज्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत त्यांची बुबुळं टिपायची. आयुष्यभर खुरपं आणि कोयता धरलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, हे प्रत्येक शिबिरात दिसलं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तलाठी आणि बँक मित्र यांनी जायचं ठरलं. वर्षाच्या हयातीच्या पडताळणीलाही तीच पद्धत ठेवली. जिवंत असल्याचं सिद्ध करायला पक्षाघात झालेल्या माणसाला रिक्षा करून कचेरीत आणू नये.

या कामात कर्मचाऱ्यांना सांभाळणं हाही मोठा भाग असतो. दिवसभर दुःख ऐकणारा माणूस एक तर चिडचिडा होतो किंवा बधिर. आमच्या खिडकीवरची पाळी म्हणून दर आठवड्याला बदलायची. मंजूर झालेल्या प्रकरणातली एक-दोन माणसं पुढं कशी आहेत, हे तलाठ्याकडून विचारून महिनाअखेरीच्या बैठकीत सांगायचं. कारकुनाला नस्ती दिसते, नस्तीपलीकडचं घर दिसत नाही. ते दिसलं की तो पुढच्या नस्तीवर त्रुटी काढण्याआधी एकदा फोन उचलतो. ऊसतोडीच्या त्या प्रकरणानंतर आमच्या अक्कलकोटच्या सहायकानं आपण होऊन कर्नाटकातल्या कारखाना पट्ट्यातल्या नोंदणी कार्यालयांचे फोन नंबर जमा केले आणि भिंतीवर लावले. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

कार्यभार सोडताना मी माझ्यानंतर आलेल्या अधिकाऱ्यांना याद्या, धनादेश पुस्तिका, प्रलंबित परिच्छेद, सगळं नियमाप्रमाणं दिलं. परत गेलेल्यांची वही कार्यभाराच्या यादीत बसत नव्हती, तरी शेवटचा अनुक्रमांक टाकून ती लिहिली आणि त्यांची सही घेतली. ही वही प्रत्येक तालुक्यात शासन निर्णयानं सक्तीची व्हावी, लेखापरीक्षणाच्या पथकानं मंजूर याद्यांइतक्याच काळजीनं ती तपासावी, आणि पात्र असून नाकारलेल्या माणसाबद्दलही अधिकाऱ्याकडे खुलासा मागावा, अशी माझी मागणी आहे. अपात्राला दिलेले पैसे वसूल करता येतात. पात्र माणसाचे उपाशी गेलेले महिने कुठल्याही वसुलीनं भरून येत नाहीत, म्हणून त्यांची दखल आधी घेतली पाहिजे.